प्रथिनांची भेट उजेडात

चिंचणी-डहाणूच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना जेलीफिश नवी नाही. तिच्याच एका जातभाईने जीवशास्त्राला नवी नजर दिली. पॅसिफिक महासागरातल्या एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधून ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ साली एक्वोरिन हे प्रथिन वेगळे केले. कॅल्शियम मिळाले की ते निळे उजळते. जेलीफिश मात्र हिरवी दिसते, कारण शेजारचे जीएफपी नावाचे प्रथिन ती ऊर्जा घेऊन हिरवा प्रकाश देते.

ही देवाणघेवाण अगदी जवळ असल्याशिवाय होत नाही. शास्त्रज्ञांनी नेमके हेच हेरले. आपल्या पेशींचा कारभार प्रथिनांच्या गाठीभेटींवर चालतो. इन्सुलिन पेशीवरच्या ग्राहक प्रथिनाला चिकटले, तरच साखर आत घेण्याचा निरोप पुढे जातो. अशा दोन प्रथिनांपैकी एकाला निळसर आणि दुसऱ्याला पिवळे चमकणारे प्रथिन जोडायचे. निळसर प्रथिनावर प्रकाश टाकल्यावर पिवळा उजेड वाढला, तर दोघे जवळ आले असे समजायचे. या तंत्राला ‘फ्रेट’ म्हणतात. साधारण ५ नॅनोमीटर अंतरावर निम्मी ऊर्जा पोहोचते. अंतर दुप्पट झाले की जेमतेम दीड टक्का.

१९९७ साली अत्सुशी मियावाकी आणि रॉजर त्सिएन यांनी दोन चमकत्या प्रथिनांच्या मधोमध कॅल्मोड्युलिन हे प्रथिन आणि त्याला चिकटणारा एक छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, बसवला. कॅल्शियम येताच कॅल्मोड्युलिन त्या पेप्टाइडला कवटाळते, दोन्ही टोके जवळ येतात आणि रंग बदलतो. जिवंत पेशीतली घडामोड अशी डोळ्यांदेखत दिसू लागली. जीएफपीच्या शोधासाठी आणि विकासासाठी शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ साली नोबेल मिळाले.

असा संवेदक घडवणे हे कारागिरीचे काम आहे. चिंचणीत दागिन्यांच्या डाय घडवणाऱ्यांना ठाऊक असते, केसभर फरकाने नक्षी बिघडते. इथेही जोडणारा दुवा आखूड पडला तर प्रथिनांची हालचाल अडखळते, फार लांब झाला तर भेट होऊनही ऊर्जा पोहोचत नाही. चमकते प्रथिन चुकीच्या टोकाला जोडले, तर चिकटण्याची जागाच झाकली जाते.

म्हणून विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगेन: नुसत्या उजेडावर विसंबू नका. चिकटण्याची जागा मुद्दाम बिघडवलेले प्रथिन घेऊन तोच प्रयोग करा. तिथे उजेड वाढला नाही, तरच पहिल्या निष्कर्षावर विश्वास ठेवा.