पिवळा पीतांबर आणि नसलेला ससा

‘पिवळा पीतांबर’ म्हटले की आपल्याला हसू येते. पीत म्हणजेच पिवळा, मग पुन्हा पिवळा कशाला? ‘गाईचे गोमूत्र’ हा त्याचाच सख्खा भाऊ. मराठीतल्या अशा गमती आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. इंग्रजी मात्र मोठी काटेकोर, तोलून-मापून बोलायची भाषा, असा आपला समज असतो. त्यामुळे कोणी ‘एटीएम मशीन’ म्हणाले की शेजारचा विद्वान लगेच टोकतो, ‘अहो, एटीएममधला शेवटचा एम म्हणजेच मशीन!’ बोलणारा बिचारा ओशाळतो आणि पुढच्या वेळी तोंड उघडायलाच कचरतो.

या ओशाळणाऱ्यांच्या बाजूने आज थोडे बोलायचे आहे. कारण ही सवय खुद्द इंग्रजांनाही आहे. ‘पिन नंबर’ लंडनमध्येही म्हणतात. पिनमधला एन म्हणजे नंबरच. एचआयव्हीमधला व्ही म्हणजे व्हायरस, तरी ‘एचआयव्ही व्हायरस’ सर्रास छापले जाते. आपल्याकडच्या ‘सीएनजी गॅस’चीही तीच कथा. ‘न्यू सायंटिस्ट’ या साप्ताहिकाने २००१ मध्ये या सवयीला गमतीने ‘रास सिंड्रोम’ असे नाव दिले. यातल्या ‘रास’चा शेवटचा एस म्हणजे सिंड्रोमच! म्हणजे रोगाच्या नावालाच रोग जडलेला.

असे का होते? आद्याक्षरांचा एकदा शब्द बनला की आतले मूळ शब्द कानाला ऐकू येईनासे होतात. नुसते ‘पिन’ म्हटले तर ऐकणाऱ्याच्या मनात टाचणीही येऊ शकते. ‘नंबर’ जोडला की शंका उरत नाही. जास्तीचा शब्द इथे फुकट जात नाही, तो खुलासा करतो.

परक्या भाषेतले शब्द घेतानाही हेच घडते. इंग्लंडमध्ये ‘रिव्हर एव्हन’ नावाच्या नद्या आहेत. तिथल्या जुन्या केल्टिक भाषेत एव्हन म्हणजे नदीच. लँकेशायरमध्ये ‘पेंडल हिल’ आहे. त्यातला पेन म्हणजे डोंगर, त्याला जोडलेल्या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थही डोंगर आणि वर पुन्हा हिल. लोक बदलले, भाषा बदलली आणि प्रत्येकाने आपला डोंगर त्यावर रचला. आपण तरी काय करतो? द्राविडी भाषांत ‘मलै’ म्हणजे डोंगर, त्याला संस्कृत ‘गिरी’ जोडून झाले मलयगिरी, आणि आपण म्हणतो ‘मलयगिरी पर्वत’. हिशेब बरोबर तिनाचाच.

खाण्याच्या टेबलावर तर हे नेहमीचेच. लंडनच्या हॉटेलात ‘नान ब्रेड’ मिळते; नान हा फारसी शब्द, अर्थ रोटी. अमेरिकेत ‘चाय टी’ मिळतो. चाय आणि टी हे दोन्ही शब्द मुळात चिनी, एकाच वनस्पतीचे. एक एका वाटेने जगभर गेला, दुसरा दुसऱ्या. तिथल्या गिऱ्हाइकाला मात्र ‘चाय’ म्हणजे मसाला घातलेला आपल्याकडचा चहा एवढेच ठाऊक. तेव्हा त्याच्या दृष्टीने हे नाव अगदी बरोबर आहे.

आता खुद्द पदार्थांच्या नावांकडे वळू. इथे गंमत आहे, तशी फसगतही आहे. ‘वेल्श रॅबिट’ मागवले तर ताटात ससा येत नाही. भाजलेल्या पावावर वितळलेले चीज येते. इंग्रजांनी वेल्श लोकांची केलेली ही अठराव्या शतकातली थट्टा. पुढे कोणाला तरी ससा खटकला आणि ‘रेअरबिट’ असे सोज्ज्वळ रूप निघाले. ‘टोड इन द होल’मध्ये बेडूक नसतो, पिठात भाजलेले सॉसेज असतात. ‘हॅम्बर्गर’ला हॅमशी देणेघेणे नाही, ते नाव हॅम्बर्ग शहरावरून आलेले. आणि ‘बॉम्बे डक’ हे बदक नसून आपले कोळीवाड्यात बांबूच्या दांड्यांवर वाळत घातलेले बोंबील! रेल्वेच्या डाकगाडीवरून हे नाव पडले असे सांगतात, पण मुंबईत रेल्वे धावली १८५३ मध्ये आणि हे नाव त्याच्या आधीच इंग्रजी पुस्तकांत सापडते.

यात हसण्यासारखे आहे, पण आपली मासवडी आठवा. जुन्नर-शिरूरकडची ही वडी बेसनाची, आत तीळ-खोबऱ्याचे सारण. नावात मासा असूनही माळकऱ्याला निर्धास्त चालते.

शाकाहारी मंडळींनी मात्र दोन इंग्रजी नावे नीट ध्यानात ठेवावीत. ‘स्वीटमीट’ म्हणजे मिठाई. त्यात मांस नसते. कारण जुन्या इंग्रजीत ‘मीट’चा अर्थ केवळ अन्न असा होता. म्हणजे स्वीटमीट हे शब्दशः आपले मिष्टान्न! याउलट ‘स्वीटब्रेड’ हा गोड पाव नव्हे. ती वासराची किंवा कोकराची ग्रंथी, बहुधा गळ्याजवळची किंवा स्वादुपिंड. आता ‘स्वादुपिंड’ या शब्दाकडे पाहा: स्वादु म्हणजे गोड, पिंड म्हणजे गोळा. म्हणजे नाव ठेवताना आपणही त्याच वाटेने गेलो. नाताळातल्या ‘मिन्समीट’मध्ये आज सुका मेवा आणि मसाले असतात, पण त्यात अनेकदा जनावराची चरबी असते. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांनी नावावर न जाता आत काय आहे ते सरळ विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, तिथलेही विचारतात.

कायद्याच्या भाषेतही अशा जोड्या पुष्कळ. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि कचेरीत फ्रेंच व लॅटिन शिरल्या. मग देशी आणि परके असे दोन्ही शब्द शेजारी लिहिले जाऊ लागले. ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘गुड्स अँड चॅटल्स’ या त्यातल्या जोड्या. आपले ‘कागदपत्र’ आणि ‘धनदौलत’ असेच, एक पाय संस्कृतात, दुसरा फारसी-अरबीत. ‘सल्लामसलत’मध्ये तर दोन्ही अरबी. दोन राजवटींची आठवण एका शब्दात नांदते आहे.

मग सगळेच जास्तीचे शब्द चालवून घ्यायचे का? तसे नाही. ‘कझिन ब्रदर’ला लोक हसतात, पण नुसत्या ‘कझिन’वरून भाऊ की बहीण हे कळत नाही. ज्यांच्या भाषेत मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ असे नेमके शब्द आहेत, त्यांना तो ‘ब्रदर’ लागतोच. नोकरीच्या अर्जातले ‘रिव्हर्ट बॅक’ मात्र खुशाल गाळावे. ‘रिप्लाय’ने काम भागते. आणि ‘फ्री गिफ्ट’पासून तर सावधच राहावे. भेट ही फुकटच असते. ती फुकट आहे हे दुकानदाराला मोठ्या अक्षरांत सांगावे लागते, तेव्हा तिची किंमत मूळ वस्तूच्या किमतीत मिसळलेली नाही ना, हे पाहून घ्यावे.

थोडक्यात, शब्द जास्तीचा आहे का, यापेक्षा तो कोणाच्या उपयोगाचा आहे, हे विचारावे. ऐकणाऱ्याला समजायला मदत करतो तो राहू द्यावा. झाकायला मदत करतो तो काढावा. आपल्या राज्यात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. ती शिकणारे पोर उद्या घरी येऊन ‘एटीएम मशीन’ म्हणाले, तर आधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या. एम म्हणजे काय, हे सावकाश सांगता येईल. आणि सांगताना एव्हन नदीची गोष्टही सांगा, म्हणजे चूक दाखवल्यासारखे वाटणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)