पुतळ्यामागचा पाथरवट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुंबईच्या टाऊन हॉलमधले एल्फिन्स्टनसाहेब व माल्कमसाहेब यांचे संगमरवरी पुतळे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिले असतील. ते कोणी घडविले? फ्रान्सिस चँट्रीने, असे पुस्तके सांगतात. ते खोटे नाही. पण पुरतेही नाही. मला सांगायचे आहे ते त्याच्या कारखान्यातल्या ॲलन कनिंगहॅम या स्कॉटिश पाथरवटाविषयी.

ॲलनचा जन्म १७८४ चा, डम्फ्रीस परगण्यातला. कवी रॉबर्ट बर्न्स हा त्याच्या वडिलांचा शेजारी. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि भावाच्या हाताखाली टाकी-हातोडा हाती आला. दिवसा दगड, रात्री कविता. १८०९ साली क्रोमेक नावाचे गृहस्थ जुनी लोकगीते गोळा करीत तिकडे आले, तेव्हा या पठ्ठ्याने आपलीच गाणी जुनी म्हणून त्यांच्या पदरात घातली. ती १८१० साली छापूनही आली! लबाडी खरीच, पण आपल्या जात्यावरच्या ओव्यांत तरी कोणी आपली ओवी मिसळली, हे कोण सांगणार?

त्याच वर्षी तो लंडनला गेला. १८११ साली जीन वॉकर या घरकाम करणाऱ्या मुलीशी लग्न झाले. पोटासाठी दगड घडविले, बातमीदारीही केली. १८१४ साली चँट्रीने त्याला कारखान्याचा कारभारी नेमले.

तिथली रीत अशी. चँट्री मातीचा नमुना करी, त्यावरून प्लास्टरची प्रत निघे. मग यंत्राने नमुन्यावरचे एकेक ठिकाण मोजून दगडावर खुणा करीत आणि कारागीर कोरीत. धन्याची टाकी संगमरवराला क्वचितच लागे. कामावरची देखरेख, पत्रे, हिशेब, गिऱ्हाइकांची समजूत हे सारे कनिंगहॅमकडे. तेही १८४१ साली चँट्री वारेपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे. पुतळ्यावर नाव मात्र एकट्या चँट्रीचे. पंगतीत यजमानाचे कौतुक होते, पुऱ्या लाटणारीला कोणी विचारीत नाही, तशातलेच हे. पगार दिला की नाव द्यायला नको, हे मला पटत नाही.

कनिंगहॅमने लेखणी मात्र सोडली नाही. ब्रिटिश चित्रकार, शिल्पकार व वास्तुकारांची चरित्रे त्याने सहा खंडांत लिहिली. चँट्रीने वॉल्टर स्कॉटचा अर्धपुतळा केला होता. त्याच स्कॉटच्या शिफारशीने ॲलनच्या दोन मुलांना कंपनी सरकारच्या नोकरीत प्रवेश मिळाला. त्यांतला अलेक्झांडर, बाप कारभारी झाला त्याच साली जन्मलेला, हिंदुस्थानात आला, सारनाथ आणि सांची येथे खणून पाहिले, आणि १८६१ साली इथल्या पुरातत्त्व खात्याचा पहिला अधिकारी झाला.