समुद्रातल्या गवताचे पान



द्राक्षाचे बागायतदार पानांचे देठ खुडून तपासणीला पाठवतात, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. जमिनीत खत किती घातले ते दुकानाच्या पावतीवरून कळते. पण वेलाने त्यातले उचलले किती, हे वेलालाच विचारावे लागते. समुद्राच्या तळावर उगवणाऱ्या गवतालाही असेच विचारता येते.

समुद्रात गवत कुठले, असे कोणी म्हणेल. आहे हो! आणि ते शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, फुले येतात, बीही धरते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते आपल्या हरळीच्या कुळातले नाही. पण दिसायला गवतच, म्हणून नाव पडले सागरी गवत. उष्ण समुद्रांत, जिथे पाणी उथळ आणि नितळ, तिथे त्याची मोठी कुरणे असतात. आपल्याकडे मन्नारच्या आखातात, पाल्कच्या उपसागरात आणि लक्षद्वीपला ती आहेत.

हे पान खरवडून स्वच्छ करतात, वाळवतात, त्याची पूड करतात आणि मग त्यातली द्रव्ये मोजतात. १९९० साली कार्लोस दुआर्ते या संशोधकाने जगभरचे आकडे एकत्र केले. शंभर ग्रॅम वाळलेल्या पाल्यात सरासरीने कर्ब सुमारे ३४ ग्रॅम, नत्र १.९ ग्रॅम आणि स्फुरद अवघा ०.२३ ग्रॅम, म्हणजे पाव ग्रॅमसुद्धा नाही! पण सारी गंमत या चिमूटभर स्फुरदातच आहे. नत्र १.८ च्या खाली किंवा स्फुरद ०.२ च्या खाली गेले, की गवत त्या खताला भुकेले असावे असे समजतात.

आता अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला चला. तिथे फ्लोरिडा बे नावाचा उथळ उपसागर आहे. बहुतेक ठिकाणी पुरुषभरही खोल नाही, आणि तळाला चुनखडीचा पांढरा चिखल. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद बांधला जातो, पिकाला मिळत नाही, हा आपल्या शेतकऱ्याचा नेहमीचा अनुभव. तिथेही तेच. या उपसागराच्या पूर्व भागातल्या पानांत नत्र पुरेसे, पण स्फुरदाची फार ओढ. पश्चिमेकडे मोकळ्या समुद्राकडे जावे, तसतसा पानातला स्फुरद वाढत जातो. पाण्याचे नमुने रोज बदलतात. पान मात्र आठवड्यांचा हिशेब धरून ठेवते.

तिथल्या एका उथळ बांधावर १९८१ साली खांब रोवले होते. त्यांवर पाणकावळे आणि सुरय पक्षी येऊन बसू लागले. पक्षी बसला की विष्ठा खाली पडणारच, आणि विष्ठेत स्फुरद भरपूर! तिथले मूळचे कासव-गवत पहिल्याने तरारले. (कासवे खातात म्हणून हे नाव.) ते सावकाश वाढणारे, थोड्यात भागवणारे. पुढे मात्र एक बारीक पात्याचे, झपाट्याने वाढणारे दुसरे गवत शिरले आणि त्याने कासव-गवताला हुसकून लावले. खत फुकट मिळाले, पण जुना धनी बाहेर! १९८३ साली काही खांब काढून टाकले. पक्षी गेले, विष्ठा थांबली. तरी दोन दशकांनंतर त्या जागा पाहिल्या, तेव्हाही कुरण पूर्ववत झालेले नव्हते. चुनखडीने एकदा धरलेला स्फुरद सहजी जात नाही.

शिक्षकबंधूंनी मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. स्फुरदाचा धडा फळ्यावरच्या समीकरणापेक्षा या खांबांवरून लवकर कळेल.

आणि ऊस करणाऱ्यांनीही एक ऐकावे. या उपसागराच्या उत्तरेला एव्हरग्लेड्स ही विस्तीर्ण दलदल आहे. तिच्या वरच्या अंगाला उसाची मोठी शेती असून त्या शेतांतले पाणी दलदलीकडे उतरते. त्याबरोबर खतही येते. म्हणून आता ते पाणी थेट न सोडता, मुद्दाम केलेल्या पाणवनस्पतींच्या तळ्यांतून हळूहळू नेतात. झाडे त्यातला स्फुरद शोषून घेतात. दलदलीतल्या पाण्यात स्फुरद किती असावा याची तिथे ठरवलेली मर्यादा आहे एक अब्ज भागांत १० भाग.