चांदीच्या अंगठीचे काटे



चांदीच्या अंगठीतला खडा पडला की आपण खडा बसवणाऱ्याला बोल लावतो. पुष्कळदा दोष त्याच्याही आधीचा असतो, मेणाचा नमुना करतानाच राहून गेलेला.

खडा धरून ठेवणाऱ्या चार-सहा काट्यांना बाजारात प्रॉंग म्हणतात. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८८६ मध्ये सहा काट्यांची हिऱ्याची अंगठी आणली आणि खडा उंच उचलून त्याला चहूबाजूंनी उजेड देण्याची तऱ्हा जगभर गेली. ते बारीक काटे सोन्या-प्लॅटिनमला शोभतात. त्यांचीच जाडी चांदीत उतरवली, की गफलत झालीच म्हणून समजा. ९२५ चांदीत साडेब्याण्णव टक्के चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं असतं. ती मुळात मऊ. त्यातून ओतलेली असली तर ओढलेल्या तारेचा ताठपणाही तिच्यात नसतो.

म्हणून हिशोब ओतण्याआधीच्या मेणाच्या नमुन्यापासून धरायचा. ओतताना धातू थोडा आकसतो, नंतर कानस आणि पॉलिश आणखी थोडं खातात. सहा मिलिमीटरच्या गोल खड्यासाठी तयार काटा एक मिलिमीटर जाड हवा असेल, तर मेणात तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास ठेवा. उंचीही दीड-दोन मिलिमीटर जास्तच असू द्या. जास्तीचं कापता येतं, कमी पडलेलं जोडणं जिकिरीचं. काटा बुडाशी रुंद, टोकाकडे निमुळता असावा आणि मुळाशी काटकोन न ठेवता गोलाई द्यावी. कोपरा तीक्ष्ण राहिला, तर साच्याच्या प्लास्टरची धारदार कड तुटून धातूत अडकते आणि काटा नेमका तिथेच मोडतो. चारी काट्यांना मध्यावर जोडणारं एक बारीक कडंही हवंच. ते नसलं तर उंच काटे फाकतात.

मेण वितळवून त्या जागी धातू ओतण्याची ही विद्या जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या बारापट चांदी घ्यावी असं सांगितलं आहे. आजचे कारागीर मेणाचं वजन साडेदहा-अकरा पटीने मोजून वर धातू आत जाण्याच्या नळीपुरती चांदी धरतात. म्हणजे फरक फारसा नाही.

ही नळी अंगठीच्या जाड भागाला जोडा, काट्याच्या टोकाला कधीच नको. बारीक काटे आधी गोठतात, जाड भाग नंतर. त्या भागाला शेवटपर्यंत धातू मिळाला नाही, तर आत पोकळ्या राहतात. काट्यांची टोकं मेणाच्या बारीक धाग्याने एकमेकांना बांधली, तर ती हलत नाहीत. ओतल्यावर तो धागा कापून टाकायचा.

खड्याची खाच मात्र मेणात पुरी कोरू नये. ती धातूत, खडा हातात धरून कापावी आणि काट्याच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल जाऊ नये. अर्ध्यापर्यंत गेलात, तर दाबताना काटा तुटलाच. काटे समोरासमोरचे, थोडे थोडे दाबावेत. एकच काटा पुन्हा पुन्हा वाकवला, तर चांदी कडक होऊन तडकते.

चंद्रासाठी चांदीत मोती घालणारे आपल्याकडे बरेच आहेत. मोती मऊ, गोल आणि कडेला धार नसलेला. त्याला काट्यांत अडकवू नका. खुंटी किंवा सगळीकडून धरणारं घर बरं.

अंगठी घेणाऱ्यांनी ती कानाशी धरून हलवावी. खुळखुळ ऐकू आली किंवा काटा साडीच्या पदरात अडकू लागला, तर त्या दिवसापासून ती बोटात घालू नका. खडा जागेवर आहे तोवरच कारागिराकडे न्या.