सेवा करणाऱ्यालाही थकायची मुभा हवी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'शाळेला आपण काय द्यावं?' हा विषय मला दिला, तेव्हा सॉफ्टवेअर इंजिनीअर म्हणून मी कॉम्प्युटर नाहीतर स्मार्ट बोर्ड मागणार, असं बऱ्याच जणांना वाटलं असेल. मी मात्र एका माणसाची मागणी करणार आहे.

आपली एक मैत्रीण एमएसडब्ल्यू करून शाळांमध्ये सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. तिच्या परवानगीनं, नाव न घेता सांगते. शाळेत येणं थांबलेल्या मुलाच्या घरी जायचं, शिष्यवृत्तीचे कागद जुळवायचे, मुलीचं लग्न लहानपणीच ठरत असेल तर आईबापांना समजवायचं, कोणाशीच न बोलणाऱ्या मुलाजवळ बसायचं, हे तिचं काम. आपला जिल्हा तुम्हाला ठाऊक आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात वर्धा होता. ज्या घरचा कास्तकार गेला, त्या घरचं लेकरू काही दिवसांनी वर्गात येऊन बसतं. त्याच्याशी काय बोलायचं, हे कोणत्याही पुस्तकात नसतं.

दिवाळीनंतर कापूस वेचणीला जोर आला की वर्गात मुलं कमी होतात. मोठ्या मिनतवारीनं शाळेत आणलेली एक मुलगी अशीच वेचणीला गेली, ती परत आलीच नाही. मग आपल्या मैत्रिणीला वाटू लागलं, 'माझ्यानं काहीच होत नाही. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर पोरगी शिकली असती.' झोप उडाली. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. पुढे तर मुलांचं दुःख ऐकून काही वाटेनासंच झालं, आणि तिला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

याला बर्नआउट म्हणतात. आमच्या आयटीत हा शब्द रोज कानावर पडतो, पण तो आमच्याकडून आलेला नाही. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं तो मांडला, तो न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांना पाहून. तो स्वतःही तिथे काम करत होता. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं याची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मन कोरडं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. यातलं तिसरं नीट ऐका. 'मी कुचकामी आहे' ही भावना त्या थकव्याचंच लक्षण आहे. तो आपल्या लायकीचा दाखला नाही.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. शेजारच्या सेगावचं नावच १९४० साली सेवाग्राम झालं. अशा मुलखात सेवा करणारा 'मी थकलो' असं म्हणायला लाजतो. पण याच सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग पाहा. गडचिरोलीत काम जोरात असताना, १९९५ साली, वयाच्या ४४व्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. हृदयविकार आणि बर्नआउट एक नव्हेत. पण त्यांनी ते लपवलं नाही. जगण्याची रीत बदलली आणि 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिलं. गावातल्या नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा गाजलेला अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, तो त्यानंतर, १९९९ साली. थोडं थांबल्यानं सेवा बुडत नाही.

आपल्या मैत्रिणीनं काय केलं? एका अनुभवी ताईंकडे दर महिन्याला मन मोकळं करायला सुरुवात केली. रात्री आठनंतर कामाचे फोन बंद. तातडीसाठी पालकांना मुलांची हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६ हे क्रमांक लिहून दिले. आपल्या आवाक्यातलं नसलेलं मूल डॉक्टरांकडे पाठवणं म्हणजे हरणं नव्हे, हे तिनं स्वतःला शिकवलं. आणि एक वही केली. 'आज अमुक मुलगा पहिल्यांदा हसला', एवढंच त्यात. शंका अजूनही येते, पण आता ती वही उघडते. ती आजही कामावर आहे.

आम्ही इंजिनीअर सर्व्हर बंद पडला की त्याला आळशी म्हणत नाही. भार किती होता ते बघतो आणि तो वाटून देतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण लगेच त्याच्या जिद्दीवर बोट ठेवतो.

सर, बाई, तुमच्या वेळी शाळेत असं वेगळं पद नव्हतं. शिकवून झाल्यावर हे सगळं तुम्हीच करत होता, आणि तुमचा थकवा आम्हाला कधी दिसू दिला नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा: आपण सगळ्यांनी दरमहा थोडी रक्कम काढून शाळेत आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती आणू या. त्याच पैशातून तिच्यासाठीही महिन्याला एक अनुभवी मार्गदर्शक ठेवू या. मुलांच्या पाठीशी ती उभी राहील. तिच्या पाठीशी आपण राहू. दाराशी वही ठेवली आहे. जेवायला जाण्याआधी नाव आणि रक्कम लिहावी, ही विनंती.