सरोवरासाठी उभा राहिलेला पक्ष

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया हे बेट आहे. तिथल्या डोंगरांत पेडर नावाचं सरोवर होतं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठाशी गुलाबीसर वाळूचा एवढा लांबरुंद पट्टा उघडा पडायचा, की छोटी विमानं थेट त्या वाळूवर उतरायची. १९५५ साली हा परिसर राष्ट्रीय उद्यान झाला. पुढं जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाला जागा हवी होती, म्हणून १९६७ मध्ये सरकारनं ते संरक्षणच काढून घेतलं.

लोकांनी अर्ज-विनंत्या केल्या, सभा घेतल्या. पण सत्ताधारी आणि विरोधक, दोघेही धरणाच्याच बाजूचे. मग मत द्यायचं कुणाला? २३ मार्च १९७२ रोजी होबार्टच्या टाउन हॉलमध्ये सभा भरली आणि ‘युनायटेड टास्मानिया ग्रुप’ हा पक्ष जन्माला आला. पर्यावरणाच्या प्रश्नावर निवडणूक लढवणारा जगातला हा पहिला पक्ष मानतात. विद्यापीठात शिकवणारे डॉ. रिचर्ड जोन्स त्याचे नेते. टास्मानियाच्या निवडणुकीचं मतदान होतं २२ एप्रिलला, म्हणजे हाताशी जेमतेम महिना. मतं मिळाली चार टक्क्यांच्या आसपास. जागा एकही नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात या चळवळीतल्या ब्रेंडा हीन एका वैमानिकासोबत छोट्या विमानानं कॅनबेराला निघाल्या. राजधानीच्या आकाशात धुरानं सरोवर वाचवण्याची हाक लिहायची, असा बेत होता. ते विमान पोहोचलंच नाही, आणि आजवर सापडलेलंही नाही. हा प्रसंग वाचताना मन सुन्न होतं.

सरोवर धरणाच्या पाण्याखाली बुडालं. १९७६ च्या निवडणुकीनंतर पक्षही विरत गेला. पण त्याचा जाहीरनामा मला निकालापेक्षा मोलाचा वाटतो. साऱ्या निसर्गाला ओरबाडायचा हक्क माणसाला आहे, हा समजच त्यात नाकारला होता. एका सरोवरासाठी जमलेल्या माणसांनी महिन्याभराच्या धामधुमीतही माणसानं जगावं कसं, हा प्रश्न मतदारांपुढं ठेवला. तोवर तो कुठल्याही पक्षाला मतं मागण्याजोगा वाटला नव्हता.

१९७५ मध्ये याच पक्षातर्फे सिनेटची निवडणूक लढवून हरलेले तरुण डॉक्टर बॉब ब्राउन पुढं टास्मानियातल्याच फ्रँकलिन नदीच्या लढ्याचे नेते झाले. तिथंही धरणच होणार होतं. हजाराहून अधिक सत्याग्रहींनी अटक करवून घेतली, आणि १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ते धरण थांबलं.