शरीराच्या आतले चित्र आणि रुग्णाचे बोलणे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी संगीतावर आणि संतवाङ्मयावर बोलणारे अधिकारी वक्ते होऊन गेले. त्यांच्या पंक्तीला एका क्ष-किरणतज्ज्ञाला बसवण्याचे धाडस आपल्या कार्यवाहांनी का केले, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "डॉक्टर, आमच्या सभासदांच्या कपाटात आता ज्ञानेश्वरीच्या शेजारी स्कॅनची पाकिटे असतात. एकीचा अर्थ सांगणारे पुष्कळ आहेत, दुसरीचा सांगणारा कोणी नाही." कानपुरात तीस वर्षांहून अधिक काळ अंधाऱ्या खोलीत बसून मी दुसऱ्यांच्या शरीराची चित्रे पाहिली. त्या खोलीत बोलण्याची सवय मोडते. म्हणून आज काही विस्कळीत झाले, तर सांभाळून घ्यावे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

२००६ सालची गोष्ट. सातारा भागातून मुलाकडे राहायला आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. मधुमेह जुना. थोडे चालले की उजव्या पोटरीत गोळे येत. थांबले की जात. नातू इथेच जन्मलेला, इथल्याच शाळेत शिकलेला. तो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि हिंदीत म्हणाला, "दादी के पैर में गोला है." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली : उजव्या पोटरीत गाठ, सोनोग्राफी करावी. चिठ्ठी माझ्याकडे आली. मी पोटरीवर यंत्राचा दांडा फिरवला. त्वचा, चरबी आणि स्नायूंचे थर सारे जागच्या जागी होते. 'गाठ आढळली नाही' असे लिहून मी पुढच्या रुग्णाला हाक मारली. घरी आनंद झाला. रिपोर्ट नॉर्मल आला होता.

सुमारे तीन महिन्यांनी आजी पुन्हा आल्या, तेव्हा अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले होते. या वेळी मात्र मी मराठीत विचारले, "आजी, नेमकं काय होतं हो?" त्या म्हणाल्या, "पोटरीत गोळे येतात. जरा उभी राहिले की जातात. पुन्हा चालले की पुन्हा येतात." हे एक वाक्य म्हणजे पायाची रोहिणी अरुंद झाल्याचे वैद्यकाच्या पुस्तकात शोभावे असे वर्णन आहे. चालताना स्नायूला जास्त रक्त लागते, ते पोचत नाही आणि स्नायू आवळतो. ज्या यंत्राने मी गाठ शोधली, त्याच यंत्रावर एक कळ दाबली असती, तर रक्ताचा प्रवाह कोठे अडला आहे तेही पाहता आले असते. माझा पहिला अहवाल अक्षरशः खरा होता आणि संपूर्ण निरुपयोगी होता.

मी त्यांना विचारले, "पहिल्याच दिवशी का बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "अहो, पाटी सगळी इंग्रजीत. म्हटलं, तुम्ही इकडचेच असाल. आणि मशीनला कळणारच की."

मशीनला कळत नाही, बंधुभगिनींनो. चित्र फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. प्रश्न चुकला, तर लाखो रुपयांचे यंत्र चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देऊन मोकळे होते. आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांच्या घरी हा धोका अधिक, कारण दुखणे एका भाषेत होते आणि सांगितले जाते दुसऱ्या भाषेत. 'पायाला मुंग्या येतात' याचे 'चींटियाँ आती हैं' असे भाषांतर एका सूनबाईंनी माझ्यासमोर केले, तेव्हा आमचा तंत्रज्ञ पलंगाखाली औषध फवारायला निघाला होता. हसण्यासारखेच आहे ते. पण गोळ्याची गाठ झाली, ते हसण्यासारखे नव्हते. म्हणून दुखणाऱ्या माणसानेच, जमेल त्या भाषेत, कोठे, केव्हा आणि कशाने दुखते हे सांगावे. शब्द सापडला नाही तर हाताने दाखवावे. आणि चिठ्ठीवर डॉक्टरांनी काय लिहिले आहे, ते खोलीत शिरण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

आता या तपासण्यांविषयी थोडे. १८९५ च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना हे किरण सापडले. ते काय आहेत हे ठाऊक नव्हते, म्हणून अज्ञात राशीचे अक्षर त्यांना मिळाले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आहेत आणि बोटातली अंगठीही आहे. धातू चित्रात येतो, हे पहिल्याच दिवसांपासून दिसत आले आहे. तरीही साखळी काढायला सांगितली की आमच्याशी वाद घातला जातो! सी. टी. स्कॅन म्हणजे याच किरणांनी चारी बाजूंनी घेतलेली मापे आणि गणकयंत्राने त्यांतून रचलेले काप. लंडनमध्ये १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे असे चित्र निघाले, आणि हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लोक मला सर्वांत जास्त विचारतात ते किरणांच्या भीतीविषयी. माती, हवा, अन्न आणि आकाश यांतून आपल्या सर्वांना रोज थोडा किरणोत्सर्ग मिळतच असतो. छातीच्या एका साध्या क्ष-किरण चित्राने मिळणारी मात्रा अशा काही दिवसांच्या मात्रेइतकी असते. पोटाच्या एका सी. टी. स्कॅनची मात्रा मात्र काही वर्षांच्या हिशेबाला पोचते. म्हणजे पहिल्याला घाबरू नये आणि दुसरा हौसेने करू नये. खरे कारण असेल, तर करण्याने होणाऱ्या अपायापेक्षा न करण्याने होणारा अपाय कितीतरी मोठा असतो. तपासणी झाल्यावर शरीरात हे किरण उरत नाहीत. घरी जाऊन नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावे. दिवस गेले असण्याची नुसती शंका असली, तरी ती आधी सांगावी, लाजू नये.

सोनोग्राफीत किरण नसतात, ध्वनी असतो. तो हवेतून पुढे जात नाही, म्हणून वायूने फुगलेले पोट आमच्यासाठी बंद दार ठरते. उपाशी यायला सांगतो त्याचे एक कारण हे आणि दुसरे म्हणजे खाल्ल्यावर पित्ताशय आकसून जाते आणि त्यातले खडे नीट दिसत नाहीत. 'डॉक्टर, खाल्लं काही नाही, फक्त दुधाचा चहा घेतला,' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की मराठी माणूस चहाला अन्नपाण्यात धरत नाही अशी माझी खात्री झाली आहे. याच यंत्राचा आणखी एक उपयोग आपल्या समाजाने केला, त्याबद्दल एवढेच सांगतो : गर्भलिंग पाहण्यावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला आणि १९९४ साली संसदेने तो साऱ्या देशासाठी केला. हा पहिला मान आपल्याला का घ्यावा लागला, याचा विचार ज्याचा त्याने करावा. मला तो प्रश्न आडून विचारणाऱ्यांत आपली माणसे कमी नव्हती.

एम. आर. आय. मध्येही हे किरण नसतात. प्रचंड चुंबक असतो. आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या दीड टेस्लाच्या यंत्राचे बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट भरते. यंत्राचा आवाज थांबला तरी चुंबक थांबत नाही. तो रात्रंदिवस चालूच असतो. म्हणून हृदयाचा पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली चिमटी, कानात बसवलेले यंत्र किंवा वेल्डिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण यांची माहिती दाराबाहेरच द्यावी. आताचे काही पेसमेकर या तपासणीला चालतात, पण ते त्याचे कार्ड पाहून ठरवावे लागते; 'बहुधा चालेल' असे ठरवता येत नाही. लुगड्याला लावलेली सेफ्टी पिन, अंबाड्यातले आकडे, जोडवी, जरीचे काठ हे सर्व बाहेर ठेवावे. मंगळसूत्र काढायचे म्हटले की वृद्ध स्त्रियांच्या डोळ्यांत पाणी येते, हे मी पाहिले आहे. अशा वेळी आमच्या एक परिचारिका, त्याही मराठीच, हळकुंड बांधलेला दोरा तयार ठेवीत. त्या दोऱ्याला चुंबक काही करीत नाही आणि मनाला आधार राहतो. हा उपाय कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

कधीकधी शिरेतून एक द्रव टोचतात, त्याने रक्तवाहिन्या व अवयव चित्रात उठून दिसतात. सी. टी. साठी त्यात आयोडीन असते. पूर्वी अशा औषधाने अंगावर पित्त उठले असेल, श्वास लागला असेल, तर ते अवश्य सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास रक्तातील क्रिएटिनिनचा अहवाल सोबत न्यावा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीविषयीही विचारून घ्यावे, कारण मूत्रपिंड दुबळे असेल तर ती काही काळ थांबवतात. कोकणातल्या मंडळींसाठी एक खुलासा : कोळंबी अंगावर उठते म्हणून हे औषध चालणारच नाही, ही समजूत खरी नाही. कोळंबीचे सांगा, पण त्या भीतीने तपासणी टाळू नका.

आता त्या आजींकडे परत येतो, कारण त्यांच्यावर पुढे जो उपचार झाला त्याच प्रकारचे उपचार आज घरोघरी ऐकू येतात. त्यात चित्र नुसते पाहायचे नसते, चित्र पाहत पाहत हात चालवायचा असतो. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. पाऊल सडू लागले होते, आणि पाय कापू देण्यास तिने साफ नकार दिला होता. डॉटर यांनी मांडीच्या रोहिणीत बारीक तार आणि तिच्यावरून नळ्या सरकवून अरुंद जागा रुंद केली. बाई स्वतःच्या पायांवर चालत घरी गेली. पुढे ग्रुंट्झिग यांनी फुग्याची नळी तयार केली आणि १९७७ साली झ्यूरिच येथे ती हृदयाच्या रोहिणीत वापरली. आज अँजिओप्लास्टी हा शब्द आपण भाजीच्या भावासारखा उच्चारतो, त्याची सुरुवात एका हट्टी म्हातारीच्या पायापासून झाली.

आपल्या आजींनाही फुगाच लावला. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने तो उपचार केला, मी शेजारी उभा होतो. आदल्या दिवशी मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईला काही सांगू नका, घाबरेल. सही मी करतो." आपल्या घरांत हे प्रेमानेच घडते. पण माणूस शुद्धीवर आणि समजदार असेल, तर संमती त्याची असते. मी आजींना सर्व सांगितले : जांघेत बधिर करण्याचे इंजेक्शन देऊ, तुम्ही जाग्याच असाल, नळी आत सरकताना दुखणार नाही, द्रव सोडला की पायात ऊब पसरेल. नंतर काही तास पाय न वाकवता उताणे पडायचे. रक्तस्राव होऊ शकतो, वाहिनीला इजा होऊ शकते, उपयोग न होणेही शक्य आहे. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "बोट राहील का?" मी म्हणालो, "बोट राहणार नाही. पाऊल राहील असा प्रयत्न आहे." त्यांनी सही केली, मराठीत, पूर्ण नाव लिहून.

रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या त्या घेत होत्या, हे त्याच वेळी कळले. मुलाला ठाऊक नव्हते. अशा गोळ्या सुई किंवा नळी घालण्यापूर्वी कधी थांबवाव्या लागतात, तर कधी मुळीच थांबवायच्या नसतात. हृदयात स्टेंट असलेल्याने त्या आपल्या मनाने बंद केल्या तर जिवावर बेतू शकते. सांगायचे सर्व, ठरवायचे डॉक्टरांनी. फुप्फुसाची किंवा यकृताची सुईने तपासणी असो, पित्तनलिकेत नळी बसवणे असो, गळू काढणे असो, दोन प्रश्न तेवढे निर्भयपणे विचारावेत : यातून जे कळेल त्याने माझा उपचार बदलणार आहे काय, आणि याहून सोपी वाट आहे काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. मी तरुणपणी रागावत असे, हे कबूल करतो.

आजींचे बोट गेले. पाऊल राहिले. पुढच्या गणेशोत्सवात त्या आपल्या मंडळाच्या आरतीला काठी टेकत आल्या होत्या, हे इथे बसलेल्या काहींना आठवत असेल.

शेवटी एक विनंती. गावाकडून येणाऱ्या वडीलधाऱ्यांची जुनी चित्रे टाकून देऊ नका. फुप्फुसातील एखादा डाग नवा आहे की वीस वर्षे तसाच आहे, हे नुसत्या नव्या चित्रावरून सांगणे पुष्कळदा अशक्य असते. ट्रंकेच्या तळाशी पडलेली पिवळी फिल्म ते एका क्षणात सांगते आणि एक सुई वाचवते. कार्यवाहांनी माझ्या सांगण्यावरून अर्ध्या पानाचा एक तक्ता मराठी व हिंदीत छापला आहे. शरीरात बसवलेला धातू, चालू गोळ्या, पूर्वीचे त्रास, झालेल्या तपासण्या आणि 'मला काय होते' ही मोकळी ओळ, एवढेच त्यात आहे. ती ओळ मराठीतच भरावी. हिंदी आम्ही करून देऊ. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी मंडळाच्या वाचनालयात बसणार आहे. ज्यांच्या घरी अशी पाकिटे आहेत, त्यांनी ती घेऊन यावे. तारखांप्रमाणे लावून देईन.